पहिल्या फेट्याचा पुरावा

रविवारच्या लग्नात पहिला फेटा आपल्यालाच बांधला जाणार, याबद्दल मोहनरावांच्या मनात कणभरही शंका नव्हती. कारण त्यांच्याकडे पुरावा होता! पुरावा गोल होता, चकचकीत होता, त्याला मधोमध भोक होतं आणि गेली कित्येक वर्षं तो कपाटात बायकोच्या, म्हणजे शिवकन्याबाईंच्या, ठेवणीतल्या साड्यांखाली झोपून होता. रामच्या लग्नाची सीडी!

बाहेरच्या माणसाला हे प्रकरण कळायचं नाही, म्हणून थोडं सांगायला हवं. बीडजवळच्या पालीच्या पुढे असलेल्या त्यांच्या गावात, अक्षता पडायच्या आधी मांडवात माइकवरून नावं पुकारतात आणि मानाच्या माणसांना फेटे बांधतात. फेटे सगळ्यांना सारखेच, केशरी. पण नंबर सारखे नसतात! लग्नातलं जेवण अळणी झालं तर लोक आठवडाभरात विसरतात. फेटा कितव्या नंबरला बांधला, हे मात्र माणसाच्या दहाव्याला जमलेली मंडळीसुद्धा आठवणीनं सांगतात.

बारा वर्षांपूर्वी गावातले वडीलधारे तात्याबा यांच्या धाकट्या मुलाच्या, म्हणजे रामच्या लग्नात पहिला फेटा विजयसिंहांना बांधला गेला होता. विजयसिंह मोहनरावांचे चुलतभाऊ. वयानं सहा महिन्यांनी मागे आणि बाकी सगळ्यात सहा महिन्यांनी पुढे. मोहनराव सरपंच झाले, तर विजयसिंह पंचायत समितीवर गेले. मोहनरावांनी बोअर पाडला, तर पाणी वाढलं विजयसिंहांच्या विहिरीचं! मोहनरावांनी त्रेचाळीस इंची टीव्ही आणला आणि महिन्याच्या आत विजयसिंहांच्या भिंतीवर पंचावन्न इंची टीव्ही लागला. तेव्हापासून मोहनरावांना टीव्ही गोड लागेना. बातम्या बघतानासुद्धा त्यांना वाटायचं, या बातमीतलं बारा इंच काहीतरी आपल्याला दिसत नाही, आणि ते तिकडे दिसतंय.

पण सगळ्यात खोल रुतलेला काटा फेट्याचा. रामच्या लग्नानंतरच्या वर्षी मोहनराव म्हणायचे, "फेटा खरं तर मला बांधाया पाहिजे होता." तिसऱ्या वर्षी ते म्हणू लागले, "मलाच बांधाया लागले होते." सहाव्या वर्षी, "मीच न्हाई म्हणलं." आणि आता बाराव्या वर्षी ही हकीकत इतकी पिकली होती की मोहनरावांना स्वतःचा आवाज ऐकू यायचा, स्वतःचा उचललेला हात दिसायचा: "विजयला बांधा! लहान हाय, त्याला हौस हाय!" खोटं बोलतोय असं त्यांना एकदाही वाटलं नाही. ते आठवून सांगत होते.

तर येत्या रविवारी तात्याबांच्या नातीचं, योगिताचं लग्न होतं. गुरुवारी तात्याबांच्या ओसरीवर फेट्यांची यादी करायला मंडळी बसली. फेटे बांधणारा हरिबाही आला होता.

"पहिला विजयसिंगाला," तात्याबा म्हणाले. "रामच्या लग्नात त्यालाच बांधलता. तीच रीत पुढं."

"थांबा तात्या!" मोहनराव इतक्या जोरात उठले की घामानं पाठीला चिकटलेली प्लॅस्टिकची खुर्चीही त्यांच्याबरोबर उठली. "त्या दिशी फेटा आधी माझ्याकडं आलता. मान माझा होता, मी सोडला. सोडलेला मान माणसाला माघारी मिळतो का न्हाई?"

विजयसिंह शांतपणे सुपारी कातरत होते. शांतपणा हा त्यांचा सगळ्यात चीड आणणारा गुण होता.

"मोहन, तू तर स्टेजवर नव्हताच बे."

"मी? मी नव्हतो?"

"आचाऱ्यापाशी आसशील. वास घेत."

ओसरी हसली. मोहनरावांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"शूटिंग हाय माझ्यापाशी! रामच्या लग्नाची सीडी! उद्या चार वाजता सगळे माझ्या घरी या. त्रेचाळीस इंची टीव्हीवर दावतो!"

"त्रेचाळीस," विजयसिंह म्हणाले. "मग चष्मा आणावा लागंल."

तात्याबांनी काठी आपटली. "ऐका. शूटिंगमधी मोहन फेटा सोडताना दिसला, तर रविवारी पहिला फेटा मोहनचा. न्हाई दिसला, तर मोहननं ह्या जन्मात पुन्यांदा फेट्याचं नाव काढायचं न्हाई. मंजूर?"

"मंजूर!" मोहनराव गरजले. खुर्ची तेव्हा कुठे सुटून खाली पडली.

*

शुक्रवारी सकाळी मोहनरावांनी टीव्हीखालच्या डीव्हीडी प्लेअरवरचा क्रोशाचा रुमाल उचलला आणि फुंकर मारली. उडालेली धूळ बघून शिवकन्याबाई पदर नाकाला लावून बाहेर आल्या.

"अवो, कावून उकरून काढायलेत ते?" त्या म्हणाल्या. "टोपी तुमाला चांगली दिसती. फेट्यात गरम हुतंय."

"गरम हुऊ दे! बारा वर्षं त्याला गार वाटलं, आता मला गरम हुऊ दे!"

शिवकन्याबाई बारावी सायन्स झालेल्या होत्या. घरातला फ्यूज, मिक्सर आणि नवऱ्याचा राग या तिन्ही गोष्टी त्या आवाज न करता दुरुस्त करत. पण आज त्या दारातच उभ्या राहिल्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावर काळजी होती.

सीडी फिरू लागली. पडदा उजळला, फुलं उडाली, आणि मोठ्या सोनेरी अक्षरांत आलं: भविवा.

ही मोहनरावांची ओळखीची अक्षरं. बारा वर्षं त्यांना ते शूटिंगवाल्याचं नाव वाटत होतं.

मग वरात आली. जुन्या डबा टीव्हीवर ही माणसं बरी दिसायची, पण नव्या टीव्हीवर सगळी आडवी सुटली होती. नवरदेवाचे गाल खांद्यांना टेकले होते. घोडा म्हशीएवढा दिसत होता. विजयसिंह तर मुळातच भरलेला माणूस. ते पडद्यावर आले आणि दुसऱ्या कुणाला जागाच उरली नाही.

"तवाचं खाणंपिणंच तसं होतं," मोहनराव पुटपुटले. पण विजयसिंहांनी एवढा पडदा खावा, हे त्यांना सोसेना.

आणि आला तो प्रसंग! विजयसिंह स्टेजवरच्या खुर्चीत बसलेले. हरिबा त्यांच्या डोक्याभोवती केशरी कापड फिरवतोय. कापडाचं लांब टोक दोरीसारखं ताणलेलं, सरळ पडद्याच्या उजव्या कडेतून बाहेर गेलेलं. टोक धरणारा माणूस दिसतच नव्हता.

मोहनराव मांडी सोडून पुढे सरकले. "आन् मी कुटं हाय? मी तर हितंच उभा होतो!"

त्यांनी पडद्याच्या उजव्या कडेला नाक लावलं. तिथे अगदी काठावर, बोटभर रुंदीची आकाशी रंगाची पट्टी दिसत होती.

"माझा सफारी! शिवकन्या, हा माझा आकाशी सफारी! टोक धरणाऱ्या गड्याच्या शेजारी मी उभा हाय!"

"आसंल," शिवकन्याबाई म्हणाल्या. "पण दिसत न्हाई ना. जाऊ द्या मग."

पण मोहनरावांचं डोकं आज भलतंच चालत होतं. त्यांनी सीडी परत सुरुवातीला नेली आणि ती सोनेरी अक्षरं बोटानं एकेक करून वाचली. "भ... वि... वा." ते थांबले. डोळे मोठे झाले. "अगं, हे शुभविवाह हाय! शु कुटं गेला? ह कुटं गेला? चित्र दोन्ही बाजूंनी कापलंय! शु गेला, ह गेला, तसाच मीबी गेलो!"

शिवकन्याबाईंनी डोळे मिटले. एवढी तर्कशुद्ध गोष्ट नवऱ्यानं लग्नानंतर पहिल्यांदाच केली होती, आणि तीही नेमकी आजच!

"हे विजयसिंगाचं काम हाय," मोहनराव म्हणाले. "त्यानंच सेटिंग केली."

"ते कवा आलते आपल्याकडं? टीव्हीला हात लावाया?"

"त्याला यावं लागत न्हाई. त्याचे लोक हायेत!"

मग मोहनरावांनी रिमोटवरचं सेटअपचं बटण दाबलं. पडद्यावर निळी पाटी आली. पाच वर्षं ग्रामपंचायत चालवलेल्या माणसाला पाच ओळींची पाटी काय जड! ओळींमध्ये एक होती टीव्ही डिस्प्ले. ती करड्या रंगाची होती आणि काही केल्या दबेना. सीडी फिरत असताना ती ओळ बदलत नाही, आधी सीडी थांबवावी लागते, एवढीच गोष्ट होती. हे त्या घरात एकाच माणसाला ठाऊक होतं, आणि ते माणूस पदराचं टोक बोटाला गुंडाळत गप्प उभं होतं.

"कुलूप लावून ठेवलंय ह्या ओळीला!" मोहनराव ओरडले. "हरकत न्हाई. दुसरीकडून शिरतो."

ते टीव्ही टाइप या ओळीत शिरले. तिथे तीन नावं होती. त्यांनी मधलं दाबलं. त्याबरोबर सगळा रंग उडाला आणि चित्र खालून वर सरकायला लागलं. विजयसिंह जत्रेतल्या पाळण्यात बसल्यासारखे खालून यायचे आणि वर नाहीसे व्हायचे. मोहनरावांनी हे तब्बल दोन मिनिटं बघितलं. त्यांना ते चित्र आवडलं. फेट्याचा केशरी रंग तरी गेला होता!

पण असा पुरावा चालला नसता. त्यांनी पहिलं नाव दाबून रंग परत आणला आणि शेवटच्या ओळीवर आले: व्हिडिओ आउटपुट. तिथेही तीन-चार नावं होती. कुठलं निवडावं? मोहनरावांनी लग्नपत्रिकेचा नियम लावला. पत्रिकेत ज्याच्या नावाला सगळ्यात जास्त शेपूट, तो सगळ्यात मोठा माणूस. त्यांनी सगळ्यात लांब नाव निवडलं आणि बटण दाबलं.

पडदा काळा झाला.

बँडचा आवाज मात्र चालू होता! काळ्या पडद्यामागे लग्न जोरात चाललं होतं. मोहनरावांनी सेटअप दाबलं, काळं. वर दाबलं, काळं. खाली, डावीकडे, उजवीकडे, काळं. मेनू दिसल्याशिवाय सेटिंग बदलता येईना, आणि सेटिंग बदलल्याशिवाय मेनू दिसेना! कपाटाला कुलूप लावावं आणि किल्ली कपाटातच राहावी, तसं झालं.

त्यांनी टीव्हीला थापट मारली. प्लेअरला दोन मारल्या. प्लग काढून दहा मिनिटं वाट बघितली आणि परत लावला. प्लेअरची स्मरणशक्ती मोहनरावांपेक्षा चांगली होती. तो चुकीची सेटिंगसुद्धा विसरला नाही.

मग बीडच्या टीव्हीच्या दुकानात फोन केला.

"डीव्हीडी?" दुकानदार म्हणाला. "आजून चालवता तुमी?"

"तुमी उपाय सांगा!"

"आता त्या तीन रंगाच्या पिनांमधून चित्र यायचं न्हाई. चपटी वायर लावा, सेट-टॉप बॉक्सला असती तसली. तिच्यातून चित्र येईल, मग सेटिंग माघारी घ्या."

चपटी वायर घरात नव्हती. घड्याळात साडेतीन झाले होते. शिवकन्याबाई स्वयंपाकघरात चहाचं आधण ठेवत होत्या, आणि आपल्या कानावर विश्वास ठेवायचा तर त्या काहीतरी गुणगुणत होत्या, असं मोहनरावांना वाटलं.

*

चारला मंडळी आली. पुढे तात्याबा, मागे हरिबा, आणि शेवटी विजयसिंह. खिशात खरोखरच चष्मा घेऊन!

मंडळी सतरंजीवर बसली. मोहनरावांनी प्लेअर चालू केला. काळा पडदा आणि बँड.

"अंधारात लागलं का रामचं लगीन?" तात्याबांनी विचारलं. "मला तर दुपारचं आठवतंय."

"चित्र येतंय... तापाया लागलंय..."

विजयसिंहांनी चष्मा घातला, पडद्याकडे नीट बघितलं आणि काढून पुसला. "मोहन, आता तरी पटलं का? म्हणलं ना, तू स्टेजवर दिसत न्हाईस."

सतरंजी हसली. आणि मोहनरावांच्या तोंडून निघून गेलं, "फक्त चपटी वायर पाहिजे! एक चपटी वायर असती तर दावलं असतं!"

"हाय की माझ्याकडं," विजयसिंह म्हणाले. "पण भिंतीतून घेतलीय, काढता येत न्हाई. डीव्हीडी उचल आन् चल माझ्या घरी. मोठ्या पडद्यावर बघू."

मोठ्या! हा शब्द मोहनरावांना कोपरानं ढोसल्यासारखा लागला. पण मागे फिरायची सोय नव्हती. त्यांनी वायरी उपटल्या आणि प्लेअर टॉवेलात गुंडाळला.

तेवढ्यात शिवकन्याबाई पुढे आल्या. चहाचा ट्रे त्यांनी जवळजवळ आपटलाच. "अवो, रिमोट द्या माझ्याकडं. मी आणते चित्र. हितंच. आत्ता."

"तू?"

"आंधळ्यानंबी येतंय ते. चार बटणं हायेत, क्रम पाठ हाय मला. पण हितंच बघू. त्यांच्याकडं नको."

एवढ्या लोकांत, विजयसिंहांच्या समोर, बायकोनं चित्र आणून द्यायचं? मोहनराव ताठ झाले. "मी सरपंच होतो," असं म्हणून त्यांनी रिमोट खिशात घातला आणि ते चालू लागले.

दोन्ही हातांत टॉवेलात गुंडाळलेला प्लेअर, मागे लोंबणाऱ्या लाल-पांढऱ्या-पिवळ्या वायरी, आणि वायरीच्या मागे पिवळ्या पिनला केळं समजून चालणारी शेजारच्या साखराबाईंची शेळी, अशी ती मिरवणूक निघाली. अंगणात ज्वारी पाखडणाऱ्या साखराबाईंनी सूप थांबवलं.

"बारसं हाय का काय, मोहनराव? पोरगं का पोरगी?"

"पुरावा हाय!" मोहनराव म्हणाले.

त्यामुळे साखराबाईही सूप ठेवून मागे निघाल्या. विजयसिंहांच्या घरी पोचेपर्यंत वीस-पंचवीस माणसं झाली होती.

*

विजयसिंहांची मुलगी सायली बीडला बीएस्सीला होती आणि सुट्टीला घरी आली होती. तिनं प्लेअरच्या मागे बघितलं, चपटी वायर खुपसली, आणि पंचावन्न इंची पडद्यावर लख्ख आलं: भविवा.

"बघा! बघा, कापलंय!" मोहनराव उभे राहिले. "दोन्हीकडून कापलंय! सायली बाळा, ते पुरं करता येतं का?"

"येतं की, काका." तिनं रिमोट घेतला. "ही सेटिंग जुन्या डबा टीव्हीची हाय. मधलं चित्र ठेवती आन् दोन्ही कडा छाटून टाकती. रुंद टीव्हीवर मग तेवढंच ताणून दिसतं, म्हणून माणसं जाड दिसायलीत." तिनं सीडी थांबवली. करडी ओळ पांढरी झाली! मोहनरावांनी आ वासला. तिनं ओळ उघडली, आत काहीतरी निवडलं आणि सीडी पुन्हा लावली.

शुभविवाह!

पडदाभर, अख्खं, दोन्ही अक्षरं आपापल्या जागी. खोलीत टाळ्या पडल्या. वरात आली तर घोडा घोड्यासारखा झाला होता. साखराबाई स्वतःला बघून म्हणाल्या, "आत्ता गं बाई, मी काय तेवढी जाड नव्हतेच!" सगळ्यांनाच आनंद झाला. मोहनरावांना फक्त एक गोष्ट खुपली: बारीक झालेले विजयसिंह भलतेच रुबाबदार दिसत होते.

पण आता किती वेळ! फक्त पाच मिनिटं! त्यांनी विजयसिंहांच्याच सोफ्यावर पाय पसरले.

हरिबा जुन्या आठवणीत शिरला होता. "त्या दिशी माझी लई पंचाईत झालती बघा. टोक धरणारा गडी आलाच न्हाई. टोक ताणून धरल्याबिगर फेटा बसत न्हाई. मंग म्या बाजूला उभ्या आसलेल्या एकाच्या हातात दिलं. धर म्हणलं."

"कुणाच्या?" तात्याबांनी विचारलं.

"आता काय आठवतंय, तात्या? बारा वर्सं झाली."

"असंल कोणी रिकामटेकडा," मोहनराव म्हणाले. "फुकटचं जेवाया आलेला."

"चेहरा लई भोळा होता येवढं आठवतंय," हरिबा म्हणाला.

आणि स्टेज आलं. विजयसिंह खुर्चीत. हरिबाचे हात फिरतायत. केशरी कापड उजवीकडे निघालंय, दोरीसारखं ताठ, सरळ, लांब... आणि ज्या जागी बारा वर्षं ते पडद्याबाहेर जात होतं, तिथून पुढेही ते चालूच राहिलं. पुढे एक मूठ होती. मुठीला आकाशी बाही होती. आणि बाहीला मोहनराव होते.

टोपी काढून काखेत धरलेली. मान खाली. डोळे मिटलेले. चेहऱ्यावर देवासमोर उभं राहिल्यासारखं समाधान. आणि उजव्या हातात विजयसिंहांच्या फेट्याचं टोक, घट्ट!



टोक हातात आलं तेव्हा हा आपलाच फेटा सुरू झाला, अशी मोहनरावांची त्या दिवशी समजूत झाली होती, हे बघणाऱ्या प्रत्येकाला कळत होतं. पडद्यावरचा हरिबा कापड गुंडाळत होता, तसतसं कापड तोकडं होत होतं, आणि मिटल्या डोळ्यांचे मोहनराव दाव्याला बांधलेल्या वासरासारखे एकेक पाऊल विजयसिंहांकडे ओढले जात होते. ते जवळ यायचे, तसा शूटिंगवाला विजयसिंहांचा चेहरा अजून मोठा घ्यायचा. त्यामुळे मोहनराव कितीही सरकले तरी चित्राच्या कडेलाच राहिले. शेवटी हरिबानं त्यांच्या मुठीतून टोक सोडवून घेतलं आणि विजयसिंहांच्या डोक्यात खोचलं. विजयसिंह उठले, हात जोडले, गेले. मोहनरावांची मान तशीच खाली. बऱ्याच वेळानं त्यांनी हळूच एक हात डोक्यावर नेला, चाचपलं, आणि हाताला नुसते केस लागले. त्यांनी डोळे उघडले. इकडे बघितलं, तिकडे बघितलं. टोपी घातली.

सगळ्यात आधी हरिबा ओरडला. "मालक! तुमीच का ते!"

मग खोली फुटली. साखराबाईंनी तोंडात पदर कोंबला. तात्याबा इतके हसले की त्यांना कवळी काढून हातात घ्यावी लागली. फक्त विजयसिंह हसले नाहीत, आणि तेच सगळ्यात वाईट झालं. त्यांनी सायलीला पाणी आणायला सांगितलं आणि ते मोहनरावांच्या शेजारी येऊन बसले.

"मला खरंच ठाऊक नव्हतं बे, मोहन," ते हलक्या आवाजात म्हणाले. "न्हाईतर बोललो नसतो."

हेवा करायला इतकी वर्षं ज्यानं साथ दिली, तो माणूस असा ऐन वेळी चांगला निघाला!

कवळी बसवून तात्याबांनी काठी उचलली.

"बोलल्यापरमानं मोहन स्टेजवर दिसला. फेटा सोडताना दिसला न्हाई, धरताना दिसला. म्हून पहिला फेटा विजयसिंगाचा. पर हरिबा, खरं सांग. तो फेटा कसा बसलता?"

"लई बसलता, तात्या. एक सुरकुती न्हाई. तसा पुन्यांदा बसलाच न्हाई कवा."

"मंग ठरलं. रविवारी टोक मोहनच धरंल. येवढं ताठ धरणारं दुसरं माणूस गावात न्हाई."

*

घरी येऊन मोहनरावांनी टॉवेल सोडला, प्लेअर जागेवर ठेवला, त्यावर क्रोशाचा रुमाल स्वतःच्या हातानं घातला आणि पलंगावर बसले. शिवकन्याबाईंनी काही न विचारता चहा आणून दिला. साखराबाईंची शेळीसुद्धा एव्हाना सगळी हकीकत जाणून होती, तर त्यांना कळायला काय वेळ!

"तुला ठाऊक होतं," मोहनराव म्हणाले.

"हं."

"कवापासून?"

"डीव्हीडी घरी आणली त्याच दिशी. तुमी म्हणलात, टीव्हीवर वरखाली काळ्या पट्ट्या कावून दिसायल्यात, अर्धा टीव्ही वाया चालला. म्या मेनूत शिरून बघितलं. एका सेटिंगनं पट्ट्या गेल्या. आन् तुमीबी गेलात. म्हणलं, हेच बरं हाय. ठेवली तशीच."

मोहनरावांनी बशीत चहा ओतला.

"मंग बारा वर्षं मी सांगत होतो, तवा एकदा तरी बोलायचंस."

"दरसाली चांगलं सांगत होतात तुमी," शिवकन्याबाई म्हणाल्या. "मला आवडायचं ऐकाया."

रात्रीपर्यंत मोहनरावांनी लग्नाला न जाण्याची तीन कारणं तयार केली आणि शनिवारी तिन्ही एकेक करून सोडली. कारण शनिवारी त्यांच्या मनात एक विचार आला होता. पहिला फेटा बांधून घ्यायला काय लागतं? नुसतं डोकं! ते कुणालाही असतं. पण धरायला माणूस लागतो. आणि एवढ्या गावातून तात्याबांनी धरायला कुणाला सांगितलं?

रविवारी ते आकाशी सफारी घालून मांडवात आले. तो आता पोटावर तटतटत होता. स्टेजवर चढण्याआधी ते तडक शूटिंगवाल्याकडे गेले.

"कडेचं कापायचं न्हाई," त्यांनी दम भरला. "टोक धरणारा माणूस पुरा आला पाहिजे. डोक्यापासून चपलेपर्यंत. काय?"

"येईल काका, टेन्शन घेऊ नका," तो म्हणाला.

माइकवर विजयसिंहांचं नाव पुकारलं. हरिबानं केशरी कापड झटकलं आणि टोक पुढे केलं. मोहनरावांनी ते घेतलं. या खेपेला डोळे सताड उघडे, छाती पुढे, टोपी डोक्यावर! कापड असं ताणलं की त्यावर साखराबाईंनी कुरडया वाळत घातल्या असत्या. फेटा बसला तो सुरकुती न पडता. विजयसिंहांनी उठून मांडवादेखत मोहनरावांचा हात हातात घेतला, आणि दुसरा फेटा मोहनरावांना बांधताना टोक धरायला स्वतः उभे राहिले. मोहनरावांना त्या क्षणी त्यांचा हेवा वाटला नाही. म्हणजे, जवळजवळ वाटला नाही.

जेवणाच्या पंगतीत शूटिंगवाला मोबाइल फिरवत आला. "काका, बघा. आत्ताच सगळ्यांना पाठवलं."

मोहनरावांनी घास ठेवला, हात धुतला आणि मोबाइल घेतला. पडदा उभा होता, पट्टीसारखा अरुंद. त्यात विजयसिंह होते. फेट्याच्या तुऱ्यापासून बुटाच्या टोकापर्यंत, अख्खे. केशरी कापड त्यांच्या डोक्यापासून ताठ निघालं होतं आणि वीतभर जाऊन पडद्याच्या कडेतून बाहेर गेलं होतं.

"अरे! मी कुटं हाय?"

"आता सगळं उभंच करतो काका. सगळे मोबाइलवरच बघतात. आडवं कोणी मागतच न्हाई."

"ह्याच्यात सेटिंग आसती का काही?"

"न्हाई. ह्याच्यात कडा घेतल्याच नाहीत, तर येतील कुठून?"

शेजारच्या पानावर बसलेले गेवराईचे पाहुणे मान वाकडी करून बघत होते. "फेटा लई झकास बसलाय," ते म्हणाले. "टोक कुणी धरलंय हो एवढं ताठ?"

मोहनरावांनी मोबाइल परत केला आणि जिलबीचा तुकडा मोडला.

"असंल कोणी," ते म्हणाले.